भरतीचा पाहुणा

मंदाकिनी कर्णिक हिला माणसं दोन रकान्यांत मांडायची सवय होती. डावीकडे माणूस काय बोलतो ते, उजवीकडे तो काय करतो ते. ठाण्याच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिण्यात सहा वर्षं गेली की अशा खोडी लागतात. सासऱ्याच्या मृत्यूची वर्दी द्यायला आलेला जावई कोरडाच रुमाल डोळ्यांना लावतो, तिसरी मुलगी झाली म्हणून पुटपुटणाऱ्या बापाच्या खिशात पेढ्यांचा पुडा असतो, हे सगळं ती टाक दौतीत बुडवता बुडवता टिपून घेई. एकोणतीस वर्षांत सात स्थळं तिला बघून गेली होती. सातांपैकी एकाचेही रकाने जुळले नव्हते. आठव्याचे जुळले, अगदी चोख जुळले. आठवा मेलेला होता, एवढीच काय ती उणीव.

त्याचं नाव हरिहर खांबेटे, राहणार डोंबिवली. चाळीस सालच्या माघात ठाण्याच्या बंदरावर पाय घसरून तो खाडीत पडला, तो सापडलाच नाही. थोरले भाऊ अण्णा खांबेटे यांनी शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला भावाच्या नावानं अग्नी दिला. देह न सापडलेल्याला असंच पोचवतात. पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज ठाण्याला आला. मंदाकिनीनं मृत्यूच्या रजिस्टरात नाव उतरवलं, टीपकागद दाबला आणि मान वर केली, तर समोरच्या कपाटावर पाय हलवत एक चोवीस वर्षांचा तरुण बसलेला!

"अक्षर झकास आहे," तो म्हणाला. "मरणाचं सार्थक झालं."

तेव्हापासूनची दीड वर्षं म्हणजे दोघांची कारकीर्दच. तो फक्त तिला दिसे, तिलाच ऐकू येई. भिंतीतून शिरून ऐकायचं काम त्याचं, माणसांकडून वदवून घ्यायचं तिचं. खोपटच्या विहिरीवर भर दुपारी बांगड्या का वाजतात हे त्यांनी शोधून काढलं, विठ्ठलवाडीच्या रुळांवर कंदील हलवणारा कोण तेही. एक कोडं तेवढं सुटेना: खुद्द हरिहरचा देह गेला कुठं? कळवा, गायमुख, घोडबंदर, थेट वसईपर्यंत बेवारस सापडलेल्यांच्या नोंदी तिनं पत्रं धाडून मागवल्या. त्यांत हरिहर नव्हता. आणि या सगळ्या शोधाशोधीच्या मधल्या फटींतून दोघांमध्ये जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिनं ते कबूल केलं नव्हतं. त्यानं केलं होतं, तीनदा. पण ज्याला चहाचा कप उचलता येत नाही त्याच्या कबुलीवर भिस्त किती ठेवायची, असं म्हणून तिनं ती डाव्या रकान्यात टाकून दिली होती.

त्रेपन्न सालच्या सर्वपित्री अमावास्येला मात्र तो कपाटावर चढलाच नाही. तिच्या टेबलाशी उभा राहिला.

"आज अण्णा माझी सपिंडी करणार आहेत," तो म्हणाला.

मंदाकिनीचा टाक थांबला. "म्हणजे काय करणार?"

"माझ्या नावाचा पिंड करायचा. त्याचे तीन तुकडे करून बाबा, आजोबा आणि पणजोबांच्या पिंडांत कालवून टाकायचे. दीड वर्ष त्यांचा हात धजत नव्हता. काल माझ्या फोटोपुढं उभे राहिले आणि म्हणाले, हऱ्या, आता तुला अडकवून नाही ठेवत."

"आणि कालवल्यावर?"

"ढिगातलं एक शीत. मग हरिहर म्हणून वेगळा कुणी नाही." त्यानं हसून बघितलं, पण हसू काही जमलं नाही. "पणजोबा भारी तापट होते म्हणतात."

"किती वाजता?"

"दीडच्या सुमारास."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. आणि नेमकं तेव्हाच खिडकीत एक टोपली आपटली.

"बाय, नावां हितंच लिवून ठेवतान ना?"

खिडकीबाहेर पन्नाशीची आगरीण उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कपाळभर कुंकू, टोपलीच्या तळाला एकच विकायचं राहिलेलं शिराळं.

"जन्मलेल्यांची आणि मेलेल्यांची लिहितो," मंदाकिनी म्हणाली. "तुम्हांला कुणाची नोंद हवी?"

"ता कसा सांगू? मानूस त जिता हाय. त्याचा नाव कुनीतरी नेलाय, तवरा काडून द्या."

मागच्या टेबलावरचे कारकून खुदखुदले. बाईनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती रंगूबाई, खाडीपल्याडच्या गावची. दर आठवड्याला नवऱ्याच्या होडीतून ठाण्याला भाजी आणायची. तिनं कोपर खिडकीत टेकवलं आणि सांगायला सुरुवात केली.

"आमचे घरा एक पाव्हना हाय. तेरा वर्सांमागं, माघाचे महिन्यान, भरतीचे पान्यावर आयला. ओंडक्याला मिठी मारून. डोक्यान ही येवरी खोक! जगला, पर नावगाव सांगाला येय ना. आमी बोललू, रव दे. मंग खायाचा, हसाचा, शेतान राबाचा, आलीतले पोरांना पाढं शिकवाचा. आन दीड वर्सामागं माघानच, सकालचे पारी जेवाला बसला, घास हातान, न् एकदम इझला. दिवा इझतं तसा. चालतं, राबतं, पर आत कोन नाय. भगत बोलला, याचा नाव कुनी काडून नेला, ता मिलला त मानूस मिलल. आता नावां ठेवतं सरकार. म्हून तुमचेकरं आयलू."

टेबलाशी उभा असलेला हरिहर 'माघ' ऐकूनच पांढरा पडला होता. भुताला आणखी पांढरं पडता येतं हे मंदाकिनीला त्या दिवशी कळलं.

"विझला तो माघातला कुठला दिवस?" तिनं विचारलं.

"जत्रंचा दुसरा दिवस. वद्य पंचमी."

मंदाकिनीनं मागल्या वर्षीचं रजिस्टर ओढलं. अण्णांच्या अर्जाचा तपशील तिनंच उतरवलेला: पालाशविधी, माघ वद्य पंचमी, सकाळी. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. तिकडे पळसाची पानं पेटली आणि इकडे जेवता माणूस विझला!

"पण रंगूबाई, तो ठाण्याच्या बंदरात पडला. खाडी तर समुद्राकडे जाते—"

"जातं ना. मंग सा घंट्यान परत येत नाय?" रंगूबाईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ती अजून दूधच पिते. "पानी खाली जातं तसा वर बी चरतं, बाय. पार कल्यानपावत."

खांबेट्यांच्या घरात दोन पदवीधर आणि एक रेल्वेचा हिशेबनीस. साऱ्यांनी आठ दिवस खाडीच्या तोंडाकडे गळ टाकले. त्या संध्याकाळी ओहोटी होती की भरती, एवढं बंदरावरच्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही. विचारणार कसे? भूगोल शाळेत शिकलेला होता. मंदाकिनीला दुसऱ्यांना हसायची सोय नव्हती. ठाण्यात जन्मून ती स्वतः दीड वर्ष वसईकडेच पत्रं धाडत बसली होती.

"कुठं आहे तो माणूस?"

"बंदरावं. होडीन बसलाय, माजे मालकासंगती."

मंदाकिनीनं रजिस्टर मिटलं, अव्वल कारकुनांना "पोटात कळ आली" म्हणून सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचला. सहा वर्षांत तिनं एकदाही कळ आणली नव्हती, त्यामुळे ते आ वासून बघतच राहिले.

बंदरावर पाणी चढायला लागलं होतं. धाकू, रंगूबाईचा नवरा, होडीचा दोर सोडून तयारच होता. आणि वल्ह्याशी तो बसला होता.

मंदाकिनी थबकली. नाक तेच. हनुवटीवरची खळी तीच. बाकी सगळ्यावर तेरा वर्षांचं ऊन बसलेलं. खांदे वल्हं मारून भरलेले, दंड तांबूस काळे, कानशिलापासून मागे एक जुनी पांढरी खूण. डोळे पाण्याकडे, पण पाणी बघत नव्हते.

"माझे केस!" हरिहर किंचाळला. "माझे केस कुठं गेले?"

"थोडे आहेत मागे," मंदाकिनी पुटपुटली.

"आणि हे पोट?"

"पोट कुठं आहे? दंड बघा." तिच्या तोंडून निघून गेलं.

हरिहरनं संशयानं तिच्याकडे पाहिलं. "तू त्याच्याकडे अशी का बघते आहेस?"

"तो तुम्हीच आहात."

"ते मी ठरवीन. मला पाण्यात पडल्यापुढचं काही आठवत नाही; मी चोवीस वर्षांचा आहे. हा कोण घोडनवरा?"

"सदतीस. चोवीस अधिक तेरा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. दीड वर्ष मला 'ताई' म्हणून चिडवत होतात ना? घ्या आता."

ती हवेशी भांडते आहे हे पाहून रंगूबाईनं नवऱ्याला कोपरखळी मारली. "भटीन हाय का गो?" धाकूनं हळूच विचारलं. "कायस्थीन दिसतं," रंगूबाई म्हणाली, "त्याहीन बी वारा लागतं."

मंदाकिनीनं मग दोघांना सगळं सांगितलं. फक्त हवेतला हरिहर वगळून. या माणसाचं नाव सापडलं, घर डोंबिवलीला आहे, आणि आज दीड वाजता त्याचा भाऊ त्याला कायमचा मेलेल्यांत घालतो आहे. धाकूनं आकाशाकडे, मग पाण्याकडे पाहिलं.

"अमावाशेचा उधान हाय. पानी सोता नेल," तो म्हणाला आणि त्यानं शीड उभारलं.

होडी निघाली, आणि काय निघाली! अमावास्येच्या भरतीनं तिला पाठीमागून उचलून घेतलं. कळव्याचा पूल डोक्यावरून मागं गेला, मुंब्र्याचा डोंगर उजवीकडे सरकू लागला, दोन्ही काठांच्या भातशेतांवरून बगळ्यांचे थवे उठत होते. वल्ह्याशी बसलेला माणूस एका लयीत वल्हं मारत होता, आणि हरिहर त्याच्यात शिरायची खटपट करत होता. आधी तो मांडीवर बसला. मग पाठीतून आत गेला आणि छातीतून बाहेर आला. मग डोक्यावरून उतरून पाहिलं.

"जमेना," तो धापा टाकल्यासारखं करत म्हणाला. "दोन्हीकडून उघड्या दारातून जावं तसं होतंय. आत कुणी थांबूच देत नाही."

"तुमच्या नावानं अग्नी दिलाय. घर मोडल्यावर नुसती किल्ली असून काय उपयोग?"

"मग पुढं काय करायचं?"

"आधी पिंड अडवायचा. पुढचं पुढं." तिच्या अंगात असं काही संचारलं होतं की भीती वाटायला जागाच उरली नव्हती. जिवंत! मेलेला नव्हताच तो. दीड वर्ष ती ज्याच्यासाठी कुढत होती तो तीन हातांवर बसून वल्हं मारत होता, त्याच्या मानेवर घाम आला होता. घाम! तिनं इतका सुंदर घाम आजवर पाहिला नव्हता.

दिवा गाव मागं पडलं आणि हरिहर एकाएकी बोलता बोलता थांबला. त्याच्या छातीतून पलीकडचा काठ दिसू लागला होता.

"मंदा," तो म्हणाला, "अण्णांनी संकल्प सोडला. माझं नाव घेतलं. इथं ऐकू आलं मला."

"धाकूदादा, आणखी किती?"

"ही काय, आलीच डोंबोली."

डोंबिवलीच्या रेतीबंदरावर होडी टेकायच्या आत मंदाकिनीनं चिखलात उडी मारली. मग मागे वळून तिनं त्या मुक्या माणसाचा हात धरला. धरला आणि तशीच क्षणभर उभी राहिली. दीड वर्षांत हा हात तिला एकदाही धरता आला नव्हता.

"कसा आहे?" शेजारून विरळ झालेल्या हरिहरनं विचारलं.

"खरखरीत."

"आणि?"

"ऊन आहे," ती म्हणाली, आणि त्याला ओढत धावत सुटली. मागून रंगूबाई, तिच्यामागं धाकू. डोंबिवलीकर दुपारच्या जेवणावरून उठून ओसरीवर आले होते. त्यांना पुढचे चार दिवस पुरेल एवढं बघायला मिळालं.

खांबेट्यांच्या माजघरात केळीच्या पानांवर वडे आणि खीर वाढून झाली होती. गद्रेगुरुजी दर्भाची जुडी सारखी करत होते. पाटावर तीन पिंड एका ओळीत, चौथा लांबट पिंड वेगळा. अण्णा खांबेटे, साठीला आलेले, उघडे, अपसव्य जानव्यानिशी बसलेले. त्यांनी दर्भ हातात घेतला, आणि दारातून कुणी बाई ओरडली,

"थांबा! कापू नका!"

अण्णांनी मान वर केली. दारात चिखलानं माखलेली एक अनोळखी बाई, आणि तिनं हाताला धरलेला हरी.

अण्णांच्या पत्नी वासंतीवहिनी, त्यांच्या हातातलं पातेलं पडलं. अण्णा उठायला गेले, त्यांना उठता येईना. "हऱ्या," एवढंच ते म्हणाले. मग पुन्हा, लहान मुलाला हाक मारावी तसं, "हऱ्या रे!"

माणूस हलला नाही. डोळे भिंतीवर.

अण्णा कसेबसे उठून धावणार तोच गुरुजींनी त्यांच्या पुढ्यात हात आडवा घातला. "आत घ्यायचं नाही! अंगणात. अंगणात उभं करा त्याला."

"अहो, माझा भाऊ आहे!"

"होता. आपणच त्याला अग्नी दिलाय, अण्णा. शास्त्रानं हा मेलेला आहे. मेलेला माणूस घरात येऊन जेवायला बसला असं ऐकलंय कधी?" गुरुजींच्या कपाळावर आठ्या होत्या, पण डोळे लकाकायला लागले होते. मंदाकिनीनं ते अचूक टिपलं: हा माणूस घाबरलेला नाही, खूश झालाय. "चाळीस वर्षं पोथीत वाचतो आहे मी हे प्रकरण. करायची वेळ कधी आली नव्हती. उपाय आहे! पुन्हा जन्म द्यायचा."

"कुणाला?"

"यालाच. तुपाच्या कुंडीत बसवायचं, गर्भासारखं, मुठी वळून, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, जातकर्म, बारसं, पुढं मुंज. लग्न झालेलं असलं तर त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"लग्न नव्हतं झालं," वासंतीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मुलगी सांगून आली होती, हा पळून बंदरावर जाऊन बसला होता त्या दिवशी."

मंदाकिनीनं वळून हरिहरकडे पाहिलं. हे त्यानं दीड वर्षांत सांगितलं नव्हतं. तो आता एवढा फिका झाला होता की लाजला की नाही, ते कळलं नाही.

"तेरा वर्षं होता कुठं?" अण्णांनी विचारलं.

"आमचेकरं," रंगूबाई म्हणाली. "सुकात व्हता. भात, म्हावरां, सगला खायाचा."

"मासे?" अण्णा कळवळले. "तेरा वर्षं मासे?"

"ते मागल्या जन्मी," गुरुजींनी हात झटकला. "नव्या जन्माला त्याचं काय! मागलं पाप सगळं धुतलं जातं. तान्ह्या मुलाला देहात येण्याआधीचं काही आठवतं का?"

मंदाकिनी दोन पावलं पुढं आली.

"म्हणजे," ती म्हणाली, "या दीड वर्षातलं... जे काही त्याच्या जिवानं पाहिलं असेल, ते—"

"सुटलं. देहानं भोगलेलं तेवढं देहाशी राहतं; बाकीचं ओझं नव्या जिवाला कशाला?"

"आणि हे नाहीच केलं तर? नुसता पिंड विसर्जन केला तर?"

गुरुजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग जसं आहे तसं राहील. देह इथं, जीव जिथं असेल तिथं. पण संकल्प सुटलाय, बाई. जे ठरवायचं ते सूर्य कलायच्या आत."

हरिहर तिच्या खांद्याशी आला. त्याच्यातून अंगणातली जास्वंद दिसत होती. "मंदा, विसर्जन कर म्हण," तो घाईघाईनं म्हणाला. "मी परत कपाटावर येऊन बसेन. काय वाईट चाललं होतं आपलं? अजून केवढी तरी कोडी आहेत ठाण्यात."

काही वाईट नव्हतं. रोज साडेदहाला तो येणार, तिचं अक्षर वाखाणणार, तिला हसवणार. ती चाळिशीची होईल, पन्नाशीची होईल, तो चोवीसच राहील. आणि हा उन्हानं रापलेला माणूस खाडीपल्याड वल्हं मारत म्हातारा होईल, हातात घास धरून, विझलेला. दोन अर्धी माणसं, तिच्या एकटीच्या सोयीसाठी. मंदाकिनीनं जन्मभर दुसऱ्यांचे रकाने तपासले होते. आज तिचे स्वतःचे समोर आले: डावीकडे प्रेम आहे म्हणून लिहिलेलं. उजवीकडे अजून काहीच नव्हतं.

"तुम्ही मला विसराल," ती हळू म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय!"

"विसरा. पण जेवा. घाम येऊ दे. थंडी वाजू दे." तरीही तिला हसू फुटत होतं, कारण वाट एकच होती आणि ती चक्क पुढं मोकळी दिसत होती. ती गुरुजींकडे वळली. "जन्माला घाला. आणि गुरुजी... समजा त्याचं उरलेलं इथंच अंगणात उभं असेल, तर?"

गुरुजींनी आजूबाजूच्या हवेकडे एकदा बघून घेतलं. "मग कुंडी मोठी काढा," ते म्हणाले.

त्यानंतरचा तासभर खांबेट्यांच्या अंगणात जी धांदल उडाली तशी त्या घरात लग्नातही उडाली नव्हती. तुपाची कुंडी भरायची म्हणजे अख्ख्या डोंबिवलीच्या म्हशी लागल्या असत्या. तेव्हा तांब्याचं घंगाळ, त्यात कोमट पाणी आणि वर वासंतीवहिनींनी दिवाळीसाठी कढवून ठेवलेलं सगळं तूप, असं ठरलं. "अमावास्येला जन्म?" अण्णा कुरकुरले. "पोर मुहूर्त विचारून येतं का?" गुरुजींनी त्यांना गप्प केलं. दोन धोतरं धरून आडोसा केला. धाकूनं त्या धिप्पाड माणसाला घंगाळात बसवलं, गुडघे दुमडले, मुठी वळल्या. तो सांगितलं तसं करत होता, नेहमीसारखा, रिकामा.

"आत जा," मंदाकिनी आडोशाकडे पाठ करून म्हणाली.

"मंदा—"

"जा ना हो."

मग तिच्या कानाजवळ वारा आला आणि आडोशाच्या दिशेनं गेला. गुरुजींचे मंत्र चढू लागले. ती डोळे मिटून उभी होती. तिनं हाक मारली नाही.

"आता नाव!" गुरुजी ओरडले. "बारशाशिवाय जीव धरणार नाही. कानात नाव कोण सांगणार? आत्या लागते. अण्णा, तुम्हांला बहीण?"

"नाही हो!"

"मग या बाई सांगतील. या हो, तुम्ही आत्या व्हा." गुरुजींनी थेट मंदाकिनीला खूण केली.

मंदाकिनी एक पाऊल पुढं झाली आणि रंगूबाईनं तिला दंडाला धरून मागं खेचलं. "यरी का तू? आत्या झालीस त मंग लगीन कसा लागल?"

वासंतीवहिनींनी अनोळखी बाईला पहिल्यांदाच नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मंदाकिनी कानापर्यंत लाल झाली.

"मी सांगतंय नाव," रंगूबाई म्हणाली. "तेरा वर्सां भात वाडलाय. सोयरी नाय त कोन?"

गुरुजींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी एरवी आगरणीच्या हातचं पाणीदेखील घेतलं नसतं. पण त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, सांगा. तुमचाच मान आहे तो."

रंगूबाई धोतराआड गेली, पदर सावरून वाकली. "हरिहर," तिनं मोठ्यानं सांगितलं. कानात कुजबुजणं तिला जमण्यासारखंच नव्हतं. "आयकला का? हरिहर."

कोण ओरडलं ते आधी कुणालाच कळलं नाही. मग कळलं: घंगाळातला माणूस. त्यानं एक लांब, फाटका श्वास ओढला, पाण्यातून वर आलेला माणूस ओढतो तसा, आणि पाणी-तूप चारी बाजूंना उसळलं.

"अण्णा! अहो अण्णा, मी पडलो... आणि तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

अण्णा धोतर, तूप, शास्त्र सगळं तुडवत आत घुसले. मग वहिनी. मग रडण्याचा, हसण्याचा आणि गुरुजींच्या "हळू, हळू, तान्हं आहे ते!" अशा हाकांचा एकच गोंधळ. "म्हावरां आठवतं का रं?" रंगूबाईनं विचारलं. "आई, तुझं कालवण विसरेन का मी?" तो म्हणाला, आणि तेरा वर्षं त्या माणसाला पोसलेली बाई पहिल्यांदा ढसाढसा रडली.

मंदाकिनी मागेच राहिली. तिनं सगळीकडे नजर फिरवली. कठड्यावर, जास्वंदीपाशी, कौलांवर. कुठंच कुणी नव्हतं. तिनं धीर करून आडोशाकडे पाहिलं.

त्याला पंचा गुंडाळून ओसरीवर बसवलं होतं. अंगावरून तूप निथळत होतं. तो बोलत होता, विचारत होता, हसत होता. आणि मग त्याची नजर गर्दीवरून फिरत फिरत तिच्यावर आली. थांबली.

ती नजर अनोळखी होती. सभ्य, कुतूहलाची, आणि पूर्ण अनोळखी.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या बाई मघापासून उभ्याच आहेत. पायांना केवढा चिखल लागलाय त्यांच्या. त्यांना कुणी पाट दिला नाही का?"

वहिनींनी लगबगीनं पाट मांडला. मंदाकिनी येऊन बसली.

"तुम्ही आणलंत मला, असं अण्णा म्हणतात," तो जरा संकोचून म्हणाला. "क्षमा करा, मला आठवत नाही. आपली ओळख आहे का?"

दीड वर्षं. कपाटावर हलणारे पाय. तीन कबुल्या. मंदाकिनीनं ते सगळं एकदा आत दाबून धरलं, आणि मग तिला दिसलं की समोरचा माणूस उत्तराची वाट बघताना थंडीनं कुडकुडतो आहे.

"माझी तुमच्याशी आहे," ती म्हणाली. "तुमची माझ्याशी व्हायचीय. वहिनी, यांना आधी काहीतरी गरम द्या."

वहिनींनी चहाचा कप आणून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, फुंकर घातली, एक घोट घेतला, आणि मग काहीतरी सुचल्यासारखा कप खाली ठेवून तो उठला; पंचा सावरत, अंगणात तुपाचे ठसे उमटवत तिच्यापर्यंत आला.

"मग व्हायला वेळ कशाला घालवायचा?" हरिहर म्हणाला. "नाव सांगा. मी आज जन्मलोय, मला दुसरं काही काम नाही."